वजाबाकी येते, शाब्दिक उदाहरण का येत नाही?

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा दुसरीत आहे, सेमी इंग्लिशला. उशिरा बोलायला लागला, आता बोलतो पण तुटक, 'मी दादा पेन दिलं' असं, आणि शाळेतलं काही सांगायला गेला की 'ते... ते...' करत मधेच सोडून देतो. वजाबाकी पटापट करतो पण शाब्दिक उदाहरण आलं की पान कोरं. टीचर म्हणतात लक्ष नसतं, सासूबाई म्हणतात लाडावलाय आणि जाऊबाई म्हणतात घरात मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला. काय करू?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, मराठी अजिबात बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने हा त्रास होत नाही आणि एक काढली म्हणून तो जातही नाही, उलट घरात ज्या भाषेत तुम्ही त्याच्याशी मोकळेपणी बोलता तीच त्याची तुटेल.

पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून डीएलडी म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर आहे का हे तपासून घ्याच. साधारण १४ मुलांमागे एकाला असतो, म्हणजे प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं, तरी कुणाला माहीत नसतो. मूल हुशार असलं तरी भाषा समजायला आणि मांडायला जड जाते. 'दादाला' मधला 'ला' गळतो, शाब्दिक उदाहरणातलं 'रमापेक्षा किती कमी' हे वाक्यच उलगडत नाही, मग गणित येऊनही उत्तर चुकतं. अशा पोराला लक्ष नाही म्हणणं मला फार लागतं. आणि लाडाने हे होत नाही, सासूबाईंनाही सांगा.

आधी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करा, ऐकू नीट येतंय असं वाटत असलं तरी. मग स्पीच थेरपिस्ट, आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन आहे ना ते विचारून. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेत १८ वर्षांपर्यंत तपासणी होते, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.

घरी 'मी दादा पेन दिलं' म्हणाला की 'असं नाही, नीट बोल' नको. 'अरे वा, दादाला पेन दिलंस!' म्हणा आणि गप्पा पुढे न्या, त्याच्याकडून वदवून घेऊ नका. प्रश्न विचारला की थांबा, आपल्याला लांब वाटेल इतकं थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. भाजी निवडताना, बाजारात, आंघोळीला, जे चाललंय त्यावर बोलत राहा, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

टीचरना भांडणाच्या सुरात नको, दोन-चार गोष्टी कागदावर लिहून द्या. 'वही काढा, तारीख लिहा, पान १२ वरचं दुसरं गणित करा' हे एका दमात नको, एकेक सांगा आणि फळ्यावर लिहा. 'समजलं का?' विचारलं तर तो हो म्हणणारच, त्यापेक्षा 'काय करायचंय ते मला सांग' असं विचारा. शाब्दिक उदाहरणाचं आधी चित्र काढू द्या. सगळ्यांसमोर अचानक उभं करून विचारू नका. रिपोर्ट आला की त्याची झेरॉक्स या कागदाला जोडा आणि जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की पहिल्याच आठवड्यात नवीन टीचरना भेटून द्या, जुन्या टीचर सांगतील म्हणून वाट बघू नका.