मेनफ्रेम: काय ठेवावे, काय हलवावे

प्रश्न: मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणारा मोठा संगणक) संपला असे कित्येक वर्षे ऐकतो. मग नवी यंत्रे घेते कोण?

मुख्यतः मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती. आयबीएमच्या १९६४ मधील सिस्टम/३६० या मेनफ्रेमशी सुसंगतता आजवर जपलेली असल्याने जुने प्रोग्राम फेकावे लागत नाहीत. आयबीएमच्याच २०२५ च्या झेड१७ या मेनफ्रेममध्ये एआयची गणिते प्रोसेसरच्या चिपवरच होतात. व्यवहार चालू असतानाच फसवणूक तपासता येते. अर्थात, कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्या कंपनीने मेनफ्रेमच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न: मेनफ्रेमवरच्या कोबोल (जुनी प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्रामची फाइल क्लाउडवर आणली. नावे नीट आली, रकमा बिघडल्या. का?

फाइल टेक्स्ट म्हणून आली, हे जवळजवळ नक्की. मेनफ्रेमवर अक्षरे एब्सिडिक या संकेतात असतात, म्हणून टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक बाइट आस्कीत (इतर संगणकांवरच्या अक्षरसंकेतात) बदलला जातो. रकमा मात्र बहुधा कॉम्प-३ या कोबोलच्या आकडे साठवण्याच्या पद्धतीत असतात: एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह (सी धन, डी ऋण). ९ अंकी रक्कम ५ बाइटांत मावते. ही अक्षरे नव्हेतच, त्यामुळे रूपांतरात त्यांचा चुराडा होतो. बिघडलेली फाइल सुधारत बसू नका, पुन्हा आणा.

फाइल आणताना एफटीपी (फाइल पाठवण्याची सोय) बायनरी मोडवर ठेवा, म्हणजे बाइट जसेच्या तसे येतात. रेकॉर्डची लांबी बदलती असेल तर सुरुवातीचे ४ बाइटांचे आरडीडब्ल्यू (रेकॉर्डची लांबी सांगणारा भाग) मुद्दाम मागून घ्या, एरवी ते गाळले जाते आणि रेकॉर्ड कुठे संपतो तेच कळत नाही. मग कॉपीबुकप्रमाणे (रेकॉर्डची मांडणी सांगणाऱ्या कोबोलच्या फाइलीप्रमाणे) फील्ड तोडा आणि फक्त अक्षरांची फील्ड आस्कीत बदला. कॉपीबुकात रीडिफाइन्स (त्याच बाइटांची दुसरी मांडणी) दिसले की आधी रेकॉर्डचा प्रकार पाहा. रक्कम डेसिमलमध्येच साठवा, फ्लोटमध्ये (द्विमान अपूर्णांकात) ०.१ सुद्धा नेमका बसत नाही. शेवटी रेकॉर्डची संख्या आणि रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळवा.

एवढे करूनही एक खोडी उरते. एब्सिडिकच्या क्रमात अक्षरे अंकांच्या आधी येतात, आस्कीत नंतर. दोन सॉर्ट केलेल्या फाइली जुळवणारा बॅच जॉब (एकगठ्ठा चालणारे काम) अशा वेळी एररही न देता रेकॉर्ड गाळतो. म्हणून दोन्ही फाइली नव्या यंत्रावर पुन्हा सॉर्ट करा.

प्रश्न: मेनफ्रेमवरच्या सॉफ्टवेअरचे बिल फुगले आहे. रिपोर्ट रात्री चालवले तर उतरेल?

करार पाहा. महिन्यातील वापराच्या चार तासांच्या सर्वोच्च सरकत्या सरासरीवर आकारणी असेल, तर त्या शिखरावरचे काम हलवल्याने उतरेल. पण अनेक ठिकाणी शिखर रात्रीच्या बॅचचेच असते, आधी आलेख काढा. आकारणी एकूण वापरावर असेल तर वेळ बदलून उपयोग नाही. तिथे सर्वाधिक सीपीयू खाणाऱ्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) शोधून दुरुस्त करा.