बाप्तिस्म्याआधी इतकी प्रतीक्षा कशासाठी?

प्रश्न : माझ्या भाच्याने प्रभू येशूवर विश्वास ठेवला असून तो बाप्तिस्मा मागत आहे. आमच्या पाळकसाहेबांनी मात्र त्याला आधी सहा महिने वर्गाला येण्यास सांगितले आहे. बायबलमध्ये तर फिलिप्प या सुवार्तिकाने इथिओपियाच्या अधिकाऱ्याला वाटेतच बाप्तिस्मा दिला होता. मग आरंभीच्या मंडळीत अशी वाट पाहावी लागत असे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होय, आणि सहा महिन्यांहून पुष्कळ अधिक. तो अधिकारी यरुशलेमेत उपासना करून परतताना यशयाचा ग्रंथ वाचत होता, म्हणजे शास्त्राची ओळख त्याला आधीच होती. पुढे ज्यांनी मोशेचे नावही ऐकले नव्हते असे ग्रीक व रोमन लोक मंडळीत येऊ लागले, तेव्हा शिक्षणाचा काळ वाढत गेला. ‘डिडाखे’ ही अतिशय जुनी पुस्तिका जीवनाचा मार्ग व मरणाचा मार्ग समजावून देते आणि हे सांगून झाल्यावरच बाप्तिस्मा द्यावा, त्याआधी दीक्षार्थ्याने (बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्याने) एक-दोन दिवस उपवास करावा, असे म्हणते. हिप्पोलित या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या मंडळीच्या नियमपुस्तिकेत हा काळ 3 वर्षांचा आहे, परंतु दीक्षार्थी मनापासून झटणारा असेल तर काळ न पाहता वर्तन पाहावे, असेही तिथेच सांगितले आहे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. अखेरच्या चौकशीत त्याने विधवांचा मान राखला काय, आजाऱ्यांना भेटी दिल्या काय, हे विचारले जाई आणि ज्यांनी त्याला आणले त्यांनी साक्ष द्यावयाची असे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेस गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले आहे की, बिशप प्रत्येक इच्छुकाच्या शेजाऱ्यांना विचारीत : हा आईवडिलांचा मान राखतो काय, दारूच्या आहारी तर गेलेला नाही ना? त्यानंतरच नाव नोंदले जाई आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोज 3 तास शिक्षण चाले. त्याच नगरीत सुमारे 350 साली बिशप सिरिल यांनी दीक्षार्थ्यांना विश्वासांगिकार (ख्रिस्ती विश्वासाचे थोडक्यात कथन) शिकवताना तो कागदावर लिहू नका, अंतःकरणात कोरून ठेवा, असे बजावले होते.

तेव्हा सहा महिन्यांबद्दल मन खट्टू करून घेऊ नये. मात्र या वर्गात केवळ पाठांतर होणार आहे की भाच्याच्या जगण्याचीही विचारपूस होणार आहे, हे पाळकसाहेबांना आदराने जरूर विचारावे, आणि त्याच्यासाठी साक्ष देणारी व्यक्ती म्हणून आपण स्वतः पुढे व्हावे.