वाचकांचे प्रश्न : दक्षिण ऑस्ट्रेलियातील छोट्या कॉन्झर्वेशन पार्कमधील भटकंती

प्रश्न : आम्ही उभयतांनी साठी ओलांडली आहे, पण सह्याद्रीतील गडकिल्ले चढण्याची सवय अजून सुटलेली नाही. मुलगी ॲडलेडला स्थायिक झाल्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी तिच्याकडे राहण्याचा विचार आहे. नकाशात शहराभोवती ‘कॉन्झर्वेशन पार्क’ नावाची हिरवी ठिगळे पुष्कळ दिसतात, परंतु ती तासाभरात संपतील इतकी लहान वाटतात. तेथे जाण्यात काही अर्थ आहे का? (नाशिकच्या एक वाचिका)

उत्तर : अर्थ निश्चित आहे, आपण निवडलेले महिने मात्र या भटकंतीसाठी सर्वांत गैरसोयीचे आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या १९७२च्या राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रदेशाला ‘नॅशनल पार्क’चा दर्जा दिला आणि वन्यजीव किंवा निसर्गाची वैशिष्ट्ये जपण्यासाठी राखलेल्या इतर जागांसाठी ‘कॉन्झर्वेशन पार्क’ हा वेगळा वर्ग ठेवला. शेतीच्या पट्ट्यातील ही उद्याने लहान का, याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे. १८३६मध्ये वसाहत स्थापन झाल्यानंतर सपाट आणि सुपीक जमीन मेंढ्या, गहू व द्राक्षे यांच्याकडे गेली. नांगर चालणार नाही असे खडकाळ कडे आणि अरुंद घळी तेवढ्या उरल्या, आणि मूळच्या रानाचे जे तुकडे तेथे तगून राहिले त्यांतील काहींना पुढे कायद्याचे कुंपण मिळाले. चहूबाजूंनी शेती आणि मध्ये जुने रान हे चित्र आपल्याकडील देवराई पाहिलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही, फरक एवढाच की येथे राखण देवाची नसून सरकारची आहे.

क्लेअर गावाच्या दक्षिणेकडील स्प्रिंग गली हे उद्यान सुमारे ४०० हेक्टरांचे आहे. तेथे ‘रेड स्ट्रिंगीबार्क’ जातीचे निलगिरीचे वृक्ष आहेत. ही जात मुख्यतः व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये वाढते. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती क्लेअरच्या टेकड्यांवरच आढळते आणि तिच्या पूर्वेकडील आप्तांपासून शेकडो किलोमीटर तुटलेली आहे. अलीकडच्या दुष्काळांत या टेकड्यांवरील बरीच झाडे वाळली. जंगल तुटक झाले म्हणजे काय होते, हे एखाद्या विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यानापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते या छोट्या उद्यानांत जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. हा प्रदेश मूळचा नगाजुरी या आदिवासी लोकांचा आहे, हेही जाताना ठाऊक असावे.

बरोसा खोऱ्यातील कायझरस्टूल या उद्यानाचे नाव जर्मनीतील एका डोंगराचे आहे. दक्षिण किनाऱ्यावरील केप जर्व्हिसपासून उत्तरेकडील पाराचिल्ना घळीपर्यंत जाणारी सुमारे १२०० किलोमीटरची हायसन ट्रेल ही पायवाट या उद्यानातून जाते. संध्याकाळी कुंपणालगत करडे कांगारू चरताना दिसण्याची शक्यता चांगली असते. ॲडलेडच्या अगदी वेशीवरचे मोरियाल्टा धबधब्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी ते धबधबे तेथल्या हिवाळ्यातले, म्हणजे जून ते ऑगस्टमधले आहेत आणि जानेवारीत तेथे बहुधा ओला खडकही सापडत नाही.

येथे पाऊस हिवाळ्यात पडतो. पावसाळ्यानंतर डोंगर हिरवे असताना निघायचे हे आपले गणित येथेही चालते, पण त्यासाठी मे ते ऑक्टोबर हे महिने धरावे लागतात. त्यातही ऑगस्टअखेरपासून रानातील लहान ऑर्किड फुलू लागतात. जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो, म्हणून तेव्हा निघण्याची वेळ सकाळचीच ठेवावी. प्रवासाच्या तारखा बदलणे शक्य नसेल, तर उन्हाळ्यात उजाडताच चालायला लागून दहाच्या आत परतावे. बहुतेक छोट्या उद्यानांत पिण्याच्या पाण्याची सोय नसते. दिवसभर चालायचे असल्यास माणशी किमान तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. वाटांच्या पाट्यांवर १ (सर्वांत सोपी) ते ५ (सर्वांत अवघड) अशी श्रेणी दिलेली असते. गड चढलेल्या पायांना तिसरी श्रेणी सहज झेपेल, परंतु उन्हाचा हिशेब त्या श्रेणीत धरलेला नसतो.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलाने ठरवलेली सहल ऐन सकाळी रद्द झाली, कारण उद्यान ‘आगीच्या धोक्यामुळे बंद’ होते. आकाश निरभ्र होते आणि धुराचा मागमूसही नव्हता. ही अतिसावधगिरी नव्हे काय? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : नव्हे. आग लागल्यावर उद्यान रिकामे करायला वेळ उरत नाही, म्हणून ते आधीच बंद करतात. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२२पासून आगीच्या धोक्याच्या मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक अशा चार पायऱ्या देशभर सारख्या आहेत, आणि शेवटची पायरी जाहीर झाली की दक्षिण ऑस्ट्रेलियातील त्या भागातील उद्याने बंद होतात.

अशा दिवशी वाळवंटाकडून उत्तरेचा कोरडा, तापलेला वारा वाहतो. स्ट्रिंगीबार्कसारख्या झाडांची तंतुमय साल पेटून वाऱ्यावर उडते आणि मूळ आगीच्या बरीच पुढे नवी आग लावते. दुपारनंतर वारा नैर्ऋत्येकडून येऊ लागला, की थंडावा जाणवून माणसाला हायसे वाटते. परंतु त्याच क्षणी आगीची लांबलचक बाजू तिचे तोंड बनते आणि तोवर सुरक्षित असलेल्या दिशेने धावू लागते. १६ फेब्रुवारी १९८३च्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यांत दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया मिळून ७५ माणसे दगावली, तेव्हाही वाऱ्याच्या या पालटानेच आगीची व्याप्ती वाढवली. ॲडलेडच्या डोंगरांतील कडली क्रीकची आग २० डिसेंबर २०१९ला वीजवाहिनीवर पडलेल्या झाडामुळे लागली, म्हणजे ठिणगी पर्यटकाच्या चुलीतूनच यावी लागते असेही नाही.

छोट्या उद्यानात धोका अधिक असण्याचे आणखी एक कारण आहे. तेथे अनेकदा एकच कच्चा रस्ता आणि एकच फाटक असते, कर्मचारी क्वचितच हजर असतात, आणि घळीत मोबाइलला रेंज नसते. म्हणून आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा निघण्यापूर्वी कंट्री फायर सर्व्हिस या ग्रामीण अग्निशमन दलाचा इशारा पाहावा. हायसन ट्रेलचे बरेच भाग खासगी शेतांतून जातात आणि आगीच्या हंगामात ते चालणाऱ्यांसाठी बंदच असतात, हेही मुलाला सांगून ठेवावे.

प्रश्न : मी ॲडलेडला शिकतो. सुट्टीत आईला रानात न्यायचे आहे, पण ती सापांच्या भीतीने तयार होत नाही. साप चावल्यास गावाकडे वर दोरी आवळतात, तसे करावे का? (ॲडलेडचे एक विद्यार्थी वाचक)

उत्तर : दोरी कोठेही आवळू नये, गावाकडेही नाही. आईंची भीती निराधार नाही, कारण ब्राऊन स्नेक या टापूत आढळतो, अत्यंत विषारी आहे, आणि त्याच्या दंशाची खूण कधी कधी ओरखड्याएवढीच असते. तरीही वाटेच्या मधोमध चालणे, पाय झाकणारी पँट आणि घोट्यावर येणारे बूट वापरणे, आणि दिसलेल्या सापाला वाट देणे एवढ्याने बहुतेक प्रसंग टळतात. थंडीच्या महिन्यांत साप फारसे हिंडत नाहीत; आईंना जुलैत नेल्यास चर्चा बरीच सोपी होईल.

दंश झालाच, तर माणसाला जागीच आडवे करून हलू देऊ नये. दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंदीची लवचीक पट्टी आधी दंशावर आणि मग बोटांपासून वर संपूर्ण हातापायावर, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितक्या घट्ट गुंडाळावी, काठीचा आधार बांधावा, दंशाची जागा पट्टीवर पेनाने दाखवावी आणि ०००ला फोन करावा. मोबाइलवरून ११२ लावले तरी फोन तेथेच जातो. जखम धुऊ नये, कापू नये, चोखू नये. ही पद्धत स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील सापांसाठी विकसित केली. महाराष्ट्रात घोणस किंवा फुरसे चावल्यास तेथील मांस सडू शकते, त्यामुळे दाबपट्टी तेथे सरसकट वापरू नये. हातपाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. रेंज नसलेल्या जागी नियमित जाणार असाल, तर ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (संकटाचा संदेश उपग्रहामार्फत पाठवणारे छोटे यंत्र) घ्यावा आणि त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे करावी. ही नोंदणी विनामूल्य आहे.

प्रश्न : काही उद्यानांच्या तोंडाशी बुटांसाठी ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेले असते. ते कशासाठी? (ठाण्याच्या एक वाचिका)

उत्तर : फायटॉप्थोरा सिनॅमोमी नावाचा सूक्ष्मजीव बुटांना चिकटलेल्या ओल्या मातीतून पसरतो आणि झाडांची मुळे कुजवतो. तेथील ‘यक्का’ ही गवतासारखी पाने असलेली संथ वाढणारी झाडे त्याला विशेष बळी पडतात, आणि एकदा तो एखाद्या रानात शिरला की त्याला तेथून हटवता येत नाही. म्हणून आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा, आधी माती झाडून मग जंतुनाशक वापरावे. भारतातून ट्रेकिंगचे बूट नेणार असाल, तर तळव्याच्या खाचांतील माती घरीच पूर्ण काढावी आणि विमानतळावरील प्रवासी पत्रकावर त्यांची नोंद करावी.