'अ‍ॅट द रेट'मधला 'रेट' आला कुठून?

प्रश्न असा आहे : ई-मेलच्या पत्त्यातल्या @ ला मराठीत शब्द आहे का, आणि त्याला 'अ‍ॅट द रेट' म्हणणं चूक का?

आधी तो 'रेट'. हे चिन्ह मुळात व्यापाऱ्यांचं. '१२ वह्या @ ४० रुपये' म्हणजे दर वहीला चाळीस, बिल ४८० चं. 'द रेट' हे शेपूट त्या हिशेबाचं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडताना माणसाचं नाव आणि त्याचं यंत्र यांच्या मधोमध @ बसवला. कळफलकावर तो होताच, शिवाय कुणाच्या नावात येत नव्हता. इथे दराचा काही संबंध उरला नाही. अमका माणूस, अमक्या ठिकाणी, एवढाच अर्थ. पाकिटावर आपण 'मु. पो. ओतूर, ता. जुन्नर' लिहितो, त्यातलं 'मु. पो.' म्हणजेच हा @.

म्हणजे 'द रेट' फालतू? मलाही तसंच वाटायचं. अप्पा बळवंत चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात मेलचा पत्ता सांगताना मी शुद्धतेच्या हौसेने नुसतं 'अ‍ॅट' म्हणालो. पोराने निमूटपणे ८ दाबला. 'आठ नव्हे, अ‍ॅट,' म्हटल्यावर त्याने ८ खोडून पुन्हा ८ दाबला, यावेळी जरा जोरात. शेवटी वैतागून म्हणाला, 'काका, अ‍ॅट द रेट म्हणा ना सरळ!' तेव्हापासून मी त्या शेपटाला नावं ठेवत नाही. आपण 'शेंडीफोड्या श' आणि 'पोटफोड्या ष' म्हणतो ते तरी कशासाठी? ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणूनच.

आता नावाचं. जगात या चिन्हाला लोकांनी प्राणिसंग्रहालयच बहाल केलंय. रशियन लोक त्याला कुत्रा म्हणतात, पोलिश लोक माकड, डच माकडाची शेपटी, डॅनिश सोंडवाला 'ए', हंगेरियन अळी, ग्रीक बदकाचं पिल्लू आणि इटालियन गोगलगाय. हिब्रूत मात्र ते खाऊच्या डब्यात गेलं, गुंडाळी करून भाजलेल्या 'श्ट्रुडेल'चं नाव घेऊन. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी जुनं वजनच ठेवलं : 'अरोबा', स्पेनमध्ये साधारण साडेअकरा किलो. शब्द अरबीतला, अर्थ 'चौथा हिस्सा', म्हणजे आपल्या पावशेरातला 'पाव'. (वडापावातला पाव वेगळा बरं का, तो पोर्तुगीजांकडून आला.)

आपल्याकडे अशी नावं ठेवायची रीत नाही असं कुणी म्हणू नये. लिहिताना सुटलेला शब्द वर घालायची खूण म्हणजे 'काकपद', कावळ्याचा पाय. तिलाच 'हंसपद'ही म्हणत. नागमोडी वळण तर आपण नागावरूनच घेतलं. त्यामुळे @ ला प्राणी शोधायचाच तर मी इटालियनांच्या बाजूचा. 'गोगलगाय नि पोटात पाय' या म्हणीसाठीच जणू हे चिन्ह काढलंय. फक्त पोटात पायाऐवजी 'ए' आहे. अडचण एकच, इंग्रजीत टपालाने जाणाऱ्या पत्रालाच चेष्टेने गोगलगायीची डाक म्हणतात.

'चकली' असंही कुणी कुणी सुचवतं. ऐकायला छान, पण सोऱ्यातून पडणाऱ्या चकलीला दोन-तीन वेढे तरी असतात, इथे एकच. मला स्वतःला 'वेटोळं' बरं वाटतं. साप घालतो तेच. काना, मात्रा, वेलांटी यांच्या पंगतीत बसतं, आणि फोनवर त्याचा आठ होत नाही. वर्षभर घरात वापरून पाहिलं. बायको वापरते, मुलगा हसतो, आणि मेलचा पत्ता विचारणारे अजून 'काय काय?' करतात, त्यांच्यासाठी 'अ‍ॅट द रेट' आहेच.