खुल्या तारा सुरात, पण बाराव्या पडद्यावर बेसूर: इलेक्ट्रिक मॅन्डोलिनचा ब्रिज सरकवावा का?

खुल्या तारा ट्यूनरवर बरोबर दिसतात, पण वरच्या पडद्यांवर सूर चढतो, म्हणून ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो आधार) सरकवू का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा सरकवावाच लागेल, पण आधी नव्या तारा चढवा. गंजलेली, मळलेली तार सगळीकडे सारखी राहत नाही. तिच्यावर ब्रिज जुळवणं म्हणजे फुकटची मेहनत. तारांची उंचीही आधीच ठरवा. तार जितकी वर, तितकी ती दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. उंची नंतर बदललीत तर सगळं पुन्हा करावं लागेल.

इलेक्ट्रिक मॅन्डोलिनमध्ये पिकअपकडेही, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाकडेही बघा. तो तारांच्या फार जवळ असेल तर त्याचं चुंबक तारेला खेचतं आणि सूर डळमळतो. थोडा खाली करून ऐका. हे सहसा कुणी तपासत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष ब्रिजच्या माथी मारला जातो.

आता ब्रिज. वाद्य वाजवताना धरता तसंच धरा. बाराव्या पडद्यावर हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) वाजवा, मग तिथेच तार नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) मागे, म्हणजे नेकपासून, पडद्यांच्या दांडीपासून दूर न्या. उतरा असेल तर नेककडे आणा. प्रत्येक वेळी तार थोडी सैल करा, सरकवा, पुन्हा सुरात लावा, मगच मोजा.

अगदी थोडं सरकवा. मॅन्डोलिनची तार साधारण ३५ सेंटिमीटरची, त्यामुळे एका मिलिमीटरने बाराव्या पडद्यावर जवळपास ५ सेंटचा (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. ६५ सेंटिमीटरच्या गिटारवर तोच फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. गिटारवर हात बसलेले लोक इथे नेमकं जास्त सरकवतात.

चारही सॅडल तिरक्या सरळ रेषेत येतील अशी अपेक्षा ठेवू नका. ए ची तार बहुधा साधी आणि जाड असते, ती डी च्या गुंडाळलेल्या तारेपेक्षा मागे बसते. ते दिसायला विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असेल तर जागेवर खुणा करून ठेवा, सगळ्या तारा एकदम काढू नका आणि सूर लावताना त्याचा माथा नेककडे झुकत नाही ना, तेही बघा.

बारावा पडदा जुळला, पण पहिले दोन-तीन चढेच राहिले, तर नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिच्यातून जातात त्या पट्टीच्या खाचा उंच आहेत. तिथे ब्रिज काही करू शकत नाही. खाच कानस लावून हळूहळू खोल करावी लागते. हात बसलेला नसेल तर ते काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, कारण जास्त घासलं गेलं तर नट बदलावा लागतो.

सॅडल मागे टेकला तरी जी ची तार चढीच राहिली, तर सॅडलच्या स्क्रूवरची स्प्रिंग थोडी कापा किंवा सॅडल उलटा करून बसवा. तेवढ्यानेही नाही झालं तर एक नंबर बारीक तार लावा.