आजीची जुनी पत्रं एखादं ग्रंथालय ठेवून घेईल का?

तुम्ही लिहिलंय की आजीच्या ट्रंकेत दीडदोनशे पत्रं, थोडे फोटो आणि एक हिशेबाची वही निघाली, आणि भाऊ म्हणतो रद्दीत घाला, आजी कुठे कुणी मोठी होती? रद्दीवाल्याला एवढ्यात बोलावू नका.

निवृत्तीनंतर तीन वर्षं मी एका ग्रंथालयात देणगीत आलेले जुने कागद लावायला जात होते. त्यामुळे 'मोठी नव्हती' हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. 28 जून 1883 ला न्यू जर्सीतल्या रोझेलहून आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं, तेव्हा त्या तरी कुठे मोठ्या होत्या? कल्याणची अठरा वर्षांची मुलगी. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आज ते पत्र तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे आणि इंटरनेटवर वाचता येतं. पण ते कॉलेजला लिहिलेलं होतं, कॉलेजच्या कागदांत राहिलं. तुमच्या आजीच्या पत्रांना फक्त ट्रंक होती.

आपल्याकडे पत्र टिकणं तसं अवघडच. आलेलं पत्र तारेला टोचायचं, म्हणून जुन्या पत्रांना नेमकं मधोमध भोक आणि भोवती गंजाचा डाग. निधनाचं पत्र तर वाचून फाडूनच टाकायचे, त्यामुळे कित्येक घरांत लग्नाची कार्डं सापडतात, मरणाची नाहीत. आणि बायकांची पत्रं पुष्कळदा त्यांच्या हातची नसतातच. आई सांगतेय आणि शाळकरी मुलगा लिहितोय, मध्येच स्वतःचं क्रिकेटही घुसडतोय! अक्षर बदललं म्हणून ती पत्रं वेगळी काढू नका.

माझी चूक सांगते. माझ्या मावशीची पत्रं मी हौसेने तारखेप्रमाणे लावली, पाकिटं फेकून दिली. निम्म्या पत्रांवर तारीख नव्हतीच, ती होती पाकिटावरच्या शिक्क्यात. शिवाय मावशीने गठ्ठे माणसागणिक बांधले होते, तेही मी मोडले. कोणाची पत्रं तिने जवळ ठेवली आणि कोणाची दोरीने बांधून तळाशी टाकली, हे आता कधीच कळणार नाही. तेव्हा तुम्ही गठ्ठे आहेत तसेच राहू द्या. टाचण्या, यू-पिना अलगद काढा, रबरबँड वितळून चिकटले असतील तर ओढू नका. सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, फोटोच्या पाठीवर, कडेला.

कुठे द्यावं? मुंबईत दहिसरला 'स्पॅरो' आहे. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी 1988 मध्ये खास स्त्रियांचा इतिहास जपायला सुरू केलेली संस्था. आधी त्यांना विचारा. तुमच्या जिल्ह्यातलं जुनं ग्रंथालय किंवा विद्यापीठाचा इतिहास विभागही चालेल, पण सांभाळायला जागा आणि माणूस आहे का ते स्वतः जाऊन बघा. कपाटावर गाठोडं पडून राहणार असेल तर तुमची ट्रंकच बरी.

देताना दानपत्र लिखित करा. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: कागद तुमच्या मालकीचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. आजीला आलेल्या पत्रांवर तो हक्क आजीचा नव्हता, म्हणून तुमचाही नाही. घरातली भांडणं, कोणाचं मोडलेलं लग्न, आजारपण असं काही असेल तर 'इतकी वर्षं कोणाला दाखवू नये' अशी अट घालता येते. संस्था मान्य करतात. तेवढ्यासाठी आपणच चार पत्रं जाळून मोकळं होऊ नका, आमच्याकडे एक गृहस्थ तसं करून आले होते आणि उरलेल्या पत्रांचा अर्थच लागेना.

हिशेबाची वहीही द्या. अमेरिकेतली श्लेसिंजर लायब्ररी 1943 मध्ये मॉड वुड पार्क यांनी दिलेल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या कागदपत्रांपासून उभी राहिली. आज तिथे साध्या बायकांच्या डायऱ्या आहेत, पाककलेची पुस्तकंही आहेत. तुमच्या वहीत केरोसीन, वाण्याची उधारी, माहेरी पाठवलेली मनीऑर्डर असं काही असेल, तर ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं सापडायचं नाही.

तुमच्या थोरल्या आत्या अजून आहेत म्हणता. सगळ्यात आधी फोटो घेऊन त्यांच्याकडे जा आणि कोण कोणाशेजारी उभं आहे ते विचारून घ्या. पेन्सिल बरोबर ठेवा.