पाचवीतलं ‘आय मँगो ईट’

प्रश्न : डिचोली तालुक्यातल्या शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवते. मुलं चौथीपर्यंत मराठी माध्यमात होती. शब्द पाठ आहेत, पण लिहितात ‘आय मँगो ईट’. व्याकरणाच्या व्याख्या घोकून घेतल्या, तरी फरक नाही. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, व्याख्या तूर्त कपाटात ठेवा. मुलं मराठीच्या क्रमाने लिहितात, एवढंच. घरी कोकणी बोलत असतील तर तिथेही क्रियापद शेवटीच. ‘मांजराने बांगडा खाल्ला’ म्हणा की ‘बांगडा मांजराने खाल्ला’, खाणारं मांजरच; ‘ने’ चिकटलाय ना! इंग्रजी नामांना तसा प्रत्यय नाही. क्रियापदाच्या आधी कोण उभं, यावर सगळं ठरतं. म्हणून तीन मुलांना फळ्यासमोर उभं करा, हातात पुठ्ठे द्या : ‘द कॅट’, ‘ईट्स’, ‘द फिश’. मग टोकाच्या दोघांची अदलाबदल करा. मासा मांजराला खायला लागला की वर्ग खिदळेल. खिदळू दे. त्यानंतर मुलांनाच नवे पुठ्ठे लिहायला लावा.

पुढचा घोळ ‘इज’चा. ‘माझी आई शिक्षिका’ आपल्याकडे क्रियापदावाचून चालतं. तिकडे ‘माय मदर इज अ टीचर’ असं पुरतं म्हणावं लागतं. यावर आठवडा गेला तरी जाऊ दे. ‘डू’, ‘डझ’ नंतर.

आणि वही लाल शाईने रंगवू नका. सध्या फक्त क्रम तपासा, स्पेलिंग राहू दे. पालक कुरकुरतील, त्यांना कारण सांगून टाका.